खाऱ्या पाण्यात गरवायला कागद कशाला?

मागच्या मे महिन्यात अण्णा देवगडहून आमच्याकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला आले, तेव्हा सामानात त्यांनी दोन गोष्टी आठवणीने आणल्या होत्या. आमसुलं, आणि त्यांच्या गरीच्या दोऱ्याचं रीळ. सँडी हूकच्या किनाऱ्यावर गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जायचं हे आमचं फोनवरच ठरलं होतं. आदल्या रात्री मी लॅपटॉप उघडून त्यांचं नाव, पत्ता, जन्मतारीख भरायला लागलो.

"समुद्रात गरवूक कागद कित्याक होयो?" अण्णांनी विचारलं.

मी म्हटलं, न्यू जर्सीत सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाला नोंदणी करावी लागते, पाहुणा असला तरी.

"पैसे किती?"

"काही नाही."

"मग कागद कित्याक?"

हा त्यांचा दुसरा प्रश्न मला रात्रभर पुरला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर वीस वर्षं जो वाद चाललाय, तो या दोन ओळींत मावतो. समुद्र सगळ्यांचा असेल तर परवाना कशाला? आणि नोंद इतकी गरजेची असेल तर ती फुकट का? इथे राहणाऱ्या आपल्यातल्या कितीतरी जणांना मासे गरवायचा नाद आहे, कोकणातले तर आहेतच, म्हणून हा विषय नीट उलगडून सांगावासा वाटला.

आधी नियम कसे आहेत ते पाहू. गोड्या पाण्यात, म्हणजे नदी-तलावात गरवायला अमेरिकेत सगळीकडे परवाना लागतो. न्यू जर्सीत रहिवाशाला तो साडेबावीस डॉलरला पडतो. खाऱ्या पाण्याचं तसं नाही. मेरीलँडने चेसापीकच्या खाडीसाठी १९८५ मध्ये परवाना आणला, फ्लोरिडाने १९९० मध्ये, कॅलिफोर्नियात तर तो कितीतरी आधीपासून आहे. पण न्यू जर्सीपासून वर मेनपर्यंतच्या किनाऱ्यावर समुद्र मोकळा होता. गळ घ्या, आमिष लावा, फेका. कुणी काही विचारत नव्हतं.

या मोकळेपणामागे कायद्याची जुनी परंपरा आहे, आणि तिचा एक धागा एडिसनच्या अगदी शेजारी आहे. पर्थ अँबॉयला रॅरिटन नदी समुद्राला मिळते. तिथे आर्नोल्ड नावाच्या जमीनमालकाने आपल्या काठासमोरच्या पाण्यात कालवं, म्हणजे खायचे शिंपले, लावली होती. मंडी नावाचा माणूस होड्या घेऊन आला आणि त्याने ती काढून नेली. आर्नोल्ड कोर्टात गेला. १८२१ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भरती-ओहोटीचं पाणी आणि त्याखालची जमीन कुणा एकाच्या मालकीची होऊ शकत नाही. ती सगळ्या जनतेची, राज्य फक्त तिचं विश्वस्त. हेच विश्वस्ततेचं तत्त्व भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये कमलनाथ खटल्यात उचललं, तेव्हा वाद हिमाचलातल्या बियास नदीच्या पात्राचा होता. पर्थ अँबॉयच्या कालवांपासून कुलू-मनालीच्या नदीपर्यंत हा विचार पोचला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

ऱ्होड आयलंडने तर हा हक्क राज्यघटनेतच लिहून ठेवलाय. १६६३ च्या राजाच्या सनदेपासून लोकांना मिळालेले मासेमारीचे आणि किनाऱ्याचे हक्क अबाधित राहतील, असं त्यात आहे. किनाऱ्यावरून मासे धरणं, समुद्री शेवाळ गोळा करणं, पाण्यात पोहायला उतरणं, किनाऱ्याने चालत जाणं, ही उदाहरणंसुद्धा त्यात नावानिशी दिलेली आहेत. अशा ठिकाणी "परवाना काढा" म्हटलं की लोकांना ती सरकारी फी वाटत नाही. आपल्या आजोबांच्या पाणंदीवर कुणी फाटक बसवावं तसं वाटतं.

मग हे फाटक हवं कुणाला होतं? मासे मोजणाऱ्यांना.

धंद्याची मासेमारी मोजणं त्या मानाने सोपं आहे. ट्रॉलर बंदरात येतो, माल उतरतो, वजन होतं, व्यापारी पावती करतो. हौशी माणसाचा मासा थेट बर्फाच्या पेटीतून घरच्या कढईत जातो. एकेकाचे दोन-चारच मासे, पण गरवणारे लाखोंनी. काही माशांच्या बाबतीत हौशी लोकांचाच घास मोठा असतो. इथला सगळ्यांचा लाडका स्ट्रायपर, म्हणजे अंगावर काळे पट्टे असलेला बास मासा, हे त्याचं ठळक उदाहरण. न्यू जर्सीत तो विकायलाच बंदी आहे. किनाऱ्याकिनाऱ्याने जो स्ट्रायपर मरतो त्यातला बहुतेक हौशी गळाला लागलेला असतो.

आणि "मरतो" म्हणताना फक्त घरी नेलेला धरून चालत नाही. पाण्यात परत सोडलेल्या शंभर स्ट्रायपरमागे नऊ पुढे मरतात, असं धरून इथले शास्त्रज्ञ हिशेब करतात. सोडलेल्यांची संख्या इतकी प्रचंड आहे की काही वर्षी खाल्लेल्यांपेक्षा सोडून मेलेले जास्त भरले. १९८० च्या दशकात हा मासा इतका घटला होता की मेरीलँडने १९८५ ते १९९० त्याची मासेमारी पूर्ण बंद ठेवली. तेव्हा "किती धरले, किती सोडले" हा प्रश्न इथे गंभीरपणे घेतात. त्या उत्तरावर पुढच्या मोसमाचे दिवस ठरतात, माशाची लांबी ठरते, माणशी किती ते ठरतं.

आता मोजायचं कसं? एकूण मासे म्हणजे लोक किती वेळा गरवायला गेले, गुणिले दर खेपेला सरासरी किती मिळाले. दुसरा आकडा किनाऱ्यावर मिळतो. एक माणूस धक्क्यावर उभा राहतो, परतणाऱ्यांना विचारतो, मासे पट्टीवर ठेवून मोजतो. खरी अडचण पहिल्या आकड्याची आहे. लोक किती वेळा गेले हे कळणार कुठून?

१९७९ पासून ते टेलिफोन करून काढत. किनाऱ्यालगतच्या जिल्ह्यांतले नंबर कसेही निवडायचे, फोन लावायचा आणि विचारायचं, गेल्या दोन महिन्यांत तुमच्या घरातलं कुणी गरवायला गेलं होतं का? यात काय होतं बघा. समजा एका भागात शंभर घरांमागे पाच घरांत गरवणारे आहेत. हजार फोन लावले तर साडेनऊशे ठिकाणी "नाही" ऐकायचं आणि उरलेल्या पन्नास घरांच्या आठवणीवर अख्ख्या किनाऱ्याचा अंदाज बांधायचा. त्या पन्नासांत नेमके दोन-तीन रोज गरवणारे लागले की आकडा फुगला, नाही लागले की बसला. त्यात लोकांनी घरचे फोन काढून टाकून मोबाइल घेतले. शिवाय आतल्या भागातून किंवा दुसऱ्या राज्यातून शनिवार-रविवारी येणारा माणूस या फोनयादीत नसायचाच.

२००६ मध्ये राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने ही पद्धत तपासली आणि ती मुळापासून बदला म्हणून सांगितलं. समितीची एक मोठी शिफारस साधी होती: समुद्रात गरवणाऱ्यांची पूर्ण यादी तयार करा. यादी असली की हजार घरं चाचपडत बसावं लागत नाही, जे गरवतात त्यांनाच विचारता येतं. परवाना या वादात आला तो असा. मूळ गरज यादीची होती.

त्याच सुमारास मासेमारीच्या केंद्रीय कायद्याची नवी आवृत्ती तयार झाली आणि जानेवारी २००७ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी तिच्यावर सही केली. तिने राष्ट्रीय नोंदवही सक्तीची केली, पण राज्यांना वाट ठेवली. तुमच्याकडे स्वतःचा परवाना किंवा नोंदणी असेल आणि ती यादी तुम्ही आम्हाला देणार असाल, तर तुमच्या लोकांना आमच्याकडे यायची गरज नाही. नसेल, तर त्यांनी केंद्राकडे नाव घालायचं. १ जानेवारी २०१० पासून ही नोंदवही सुरू झाली, पहिलं वर्ष फुकट, २०११ पासून १५ डॉलर. आता हे १५ डॉलर वॉशिंग्टनला जाण्यापेक्षा आपल्याच राज्यात राहिलेले बरे, असा विचार एकेका राज्याने सुरू केला आणि तिथून भांडणं पेटली.

न्यूयॉर्कने ऑक्टोबर २००९ पासून रहिवाशांना १० डॉलरचा परवाना लावला. लाँग आयलंडच्या पूर्व टोकाची गावं लगेच कोर्टात गेली. साउथहॅम्प्टन आणि ईस्ट हॅम्प्टन यांनी पुढे केली ती १६८६ ची सनद. इंग्लंडच्या राजाच्या वतीने गव्हर्नर डोंगन यांनी या गावांना दिलेली, जमीन आणि पाणी गावच्या विश्वस्तांच्या हाती सोपवणारी. ते विश्वस्त मंडळ आजही निवडून येतं, आजही खाडीचा कारभार बघतं. आमच्या पाण्यात आमच्या माणसाला गरवायला राज्य कोण परवाना मागणार, असा त्यांचा सवाल होता. आपल्याकडे गावकी आणि देवस्थान इनामांच्या जुन्या कागदांवरून जसे दावे चालतात, तसाच हा प्रकार. २०१० च्या अखेरीस न्यायाधीशांनी गावांच्या बाजूने निकाल दिला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कने परवाना गुंडाळला आणि बिनपैशांची नोंदणी आणली. न्यू जर्सीने २०११ मध्ये थेट फुकट नोंदणीचाच कायदा केला, त्यावर गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांची सही आहे. अण्णांचा कागद तोच.

मॅसॅच्युसेट्सने वेगळा रस्ता धरला, आणि मला विचाराल तर शहाणपणाचा. २०११ पासून तिथे १० डॉलरचा परवाना आला, साठीपुढच्यांना मोफत. पण कायद्यातच लिहून टाकलं की जमा झालेल्या पैशांतला किमान एक तृतीयांश भाग लोकांना पाण्यापर्यंत पोचता यावं यासाठीच खर्च करायचा. धक्के, पायऱ्या, होडी उतरवायचे उतार. मार्थाज व्हिनयार्ड बेटावर ओक ब्लफ्सला या पैशांतून गरवण्यासाठी धक्का बांधला गेला. दहा डॉलर गेले कुठे म्हणून विचारणाऱ्याला तिथे नेऊन उभं करता येतं. घटनेत हक्क लिहिलेल्या ऱ्होड आयलंडनेही २०१० मध्ये परवाना आणलाच, रहिवाशांना सात डॉलरचा.

पैशाची एक बाजू बहुतेकांच्या लक्षात येत नाही, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. अमेरिकेत गरवण्याच्या काठीवर, रिळावर, गळावर केंद्र सरकार साधारण १० टक्के कर लावतं. दुकानात तो दिसत नाही, किमतीतच मिसळलेला असतो. १९५० च्या डिंगेल-जॉन्सन कायद्याने हा पैसा माशांच्या कामासाठी राज्यांना परत वाटायचं ठरवलं. वाटणीचं सूत्र असं की ६० टक्के भाग राज्यातल्या पैसे भरून परवाना घेतलेल्यांच्या संख्येवर आणि ४० टक्के राज्याच्या क्षेत्रफळावर. कुठल्याही राज्याला एकूण रकमेच्या १ टक्क्याहून कमी नाही, ५ टक्क्यांहून जास्त नाही. म्हणजे फुकट नोंदणीतला माणूस या मोजणीत धरलाच जात नाही. न्यू जर्सीचा माणूस काठी घेताना कर भरतो, पण वाटणीच्या वेळी त्याच्या नावाने कुणी हात वर करत नाही. परवान्याच्या बाजूचे लोक हा मुद्दा तळमळीने मांडतात आणि मला तो पटतो.

समोरची भीतीही खोटी नाही. फी एकदा लागली की वाढत जाते आणि पैसा राज्याच्या तिजोरीत बुडतो, ही ती भीती. न्यू जर्सीत घरपट्टी भरणाऱ्या कुठल्याही माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. याला केंद्राच्या त्याच कायद्यात एक अडसर आहे. परवान्याची फी राज्याच्या मत्स्य-वन्यजीव खात्याच्या कामाबाहेर वळवली, तर त्या राज्याचा केंद्राकडचा वाटा धोक्यात येतो. हे कुलूप बऱ्यापैकी मजबूत आहे. पण ते फक्त पैसा खात्याबाहेर जाऊ देत नाही. खात्याच्या आत तो पगारात जातो की धक्क्यावर, हे ते ठरवत नाही. त्यासाठी मॅसॅच्युसेट्ससारखं वेगळं लिहूनच घ्यावं लागतं.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो आक्षेप मात्र तिसराच आहे. धक्क्यावर संध्याकाळी जाऊन बघा. बादली उलटी घालून बसलेले आजोबा, कामावरून थेट आलेला कुणी, दोन पोरांना घेऊन आलेली आई. त्यांतल्या काहींना इंग्रजी फॉर्म वाचताना अडखळायला होतं, आणि काहींसाठी तो मासा म्हणजे रात्रीचं जेवण असतं. दहा डॉलर त्यांना मोठे आहेत आणि दंड तर फारच मोठा. कॅलिफोर्नियाने यावर उपाय काढलाय: समुद्रातल्या सार्वजनिक धक्क्यावरून गरवायला परवाना लागत नाही. फ्लोरिडात किनाऱ्यावरून गरवणाऱ्या रहिवाशाला परवाना काढावा लागतो, पण तो मोफत मिळतो. मला फ्लोरिडाचा मार्ग जास्त बरा वाटतो. कॅलिफोर्नियात धक्क्यावरचा गरीब माणूस फीमधून सुटतो, पण यादीतूनही सुटतो. मग धक्क्याबद्दल निर्णय होताना त्याची संख्या कुणाच्या कागदावर नसते.

यादी आल्यावर मोजणी सुधारली का? सुधारली, पण वाटलं होतं तितकी सरळ नाही. २०१८ पासून फोन बंद करून टपालाने प्रश्नावली पाठवायला लागले. पत्ते निवडायचे, ते राज्यांच्या यादीशी ताडून पाहायचे आणि गरवणाऱ्यांच्या घरी जास्त पत्रं पाठवायची. झालं काय, तर लोक गरवायला जातात त्या खेपांचा आकडा जुन्या फोनपद्धतीपेक्षा कितीतरी मोठा निघाला. मग २०२३ मध्ये केंद्राच्याच मत्स्यसेवेने एक चाचणी घेतली. प्रश्नावलीत आधी "गेल्या दोन महिन्यांत किती वेळा" आणि मग "गेल्या वर्षभरात किती वेळा" असं विचारत होते. क्रम उलटा केला, आधी वर्षाचं आणि मग दोन महिन्यांचं, तर खेपांचा अंदाज ३० ते ४० टक्क्यांनी खाली आला. जुन्या खेपा लोक नकळत अलीकडच्या म्हणून सांगत होते. आईला "या महिन्यात दवाखान्यात किती वेळा गेलीस" विचारलं की ती दिवाळीतलीही खेप त्यात धरते, तसं. आपल्या चाचणीने आपलाच आकडा चुकतो असं निघालं, तरी ते या लोकांनी जाहीर केलं, याचं मला कौतुक आहे. पण ज्यांचा मोसम त्या आकड्यांवर कापला गेला होता त्यांचा संतापही समजण्यासारखा आहे.

मेक्सिकोच्या आखातातल्या रेड स्नॅपरवरून, म्हणजे आपल्या तांबोशीच्या नातेवाइकावरून, हा संताप टोकाला गेला. २०१७ मध्ये खासगी होडीवाल्यांना केंद्राच्या हद्दीत आधी फक्त तीन दिवसांचा मोसम जाहीर झाला, ओरड झाल्यावर तो ३९ दिवसांनी वाढवला. लुइझियानाने मात्र २०१४ पासूनच स्वतःची मोजणी सुरू केली होती. त्यांच्याकडे पैसे भरून परवाना घेतलेल्यांची ताजी यादी होती, त्यामुळे ते दर आठवड्याला त्यातल्या लोकांना थेट विचारू शकले. पक्की यादी असली की काय करता येतं हे मला तिथे दिसतं. फुकट नोंदणीत नाव घालायचं राहून जातं, पत्ता जुना राहतो, आणि ती तपासत बसायला खात्याकडे माणूसही नसतो. म्हणून माझं मत असं झालंय: होडीतून गरवणाऱ्याकडून थोडी फी घ्यावी, किनाऱ्यावरच्याला आणि म्हाताऱ्यांना परवाना मोफत द्यावा पण द्यावाच, आणि पैशाचा वाटा धक्क्यांसाठी कायद्यात बांधून ठेवावा. न्यू जर्सीने अजून हे केलेलं नाही.

आपल्याकडे महाराष्ट्रात सागरी मासेमारीचा कायदा १९८१ चा आहे, २०२१ मध्ये सुधारलेला. त्यातला परवाना नौकेभोवती फिरतो. अण्णा देवगडच्या जेटीवर पन्नास वर्षं गरवतायत, त्यांना कधी कुणी काही विचारलेलं नाही.

त्यामुळे सँडी हूकला जेव्हा टोपी घातलेली एक मुलगी पाटी आणि मोजपट्टी घेऊन आमच्याकडे आली, तेव्हा अण्णा आधी बिचकले. पोलीस वाटली त्यांना. सकाळपासून त्यांनी तीन स्ट्रायपर ओढले होते. इथे २८ ते ३१ इंचांमधलाच एक ठेवता येतो, त्यांचे तिन्ही लहान निघाले. इथला गळही त्यांना नवा होता. आमिष लावून स्ट्रायपर धरायचा तर टोक आत वळलेला गोल गळच लागतो. मासा तो गिळत नाही, जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो आणि सोडला तर वाचण्याची शक्यता वाढते. अण्णांनी पहिल्यांदा तो बोटात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "ह्यो गळ चांगलो हा." मुलीने विचारलं, किती ठेवले? एकही नाही. किती सोडले? मी भाषांतर करायच्या आत अण्णांनी तीन बोटं वर केली. तिने तीन लिहिले, आभार मानले आणि पुढच्या माणसाकडे गेली.

जुलैत घरी टपालाने प्रश्नावली आली. मी आमच्या खेपा कॅलेंडर पाहून भरल्या. तशीच शेजारच्या काकूंकडेही आली होती. त्यांच्या घरात मासे कुणी खातही नाही, त्या ती केरात टाकायला निघाल्या होत्या. न गेलेल्यांनी उत्तरंच पाठवली नाहीत तर मोजणाऱ्याला सगळं गाव गरवायला जातं असं वाटेल, हे त्यांना समजावलं. मग त्यांनी चष्मा लावला, प्रत्येक रकान्यात नीट शून्य लिहिलं आणि पाकीट माझ्याच हाती पोस्टात टाकायला दिलं.